याद्यांत न बसलेलं

तुझ्या लग्नाच्या याद्या झाल्या. बस्ता कुठून काढायचा, मानाच्या साड्या किती, हळदीला डीजे की ढोल-ताशा, रुखवतात काय मांडायचं, सगळं दोन्हीकडच्या मोठ्यांनी बसून ठरवलं. पत्रिका जुळवली, गुण मोजले, नाडी पाहिली. पण तुम्हा दोघांना पहिली दोन वर्षं मूल हवंय की नको, हे कुणी विचारलं का? विचारणारही नाहीत. सहा महिने झाले की मात्र ‘काही गोड बातमी?’ सुरू होईल. म्हणून आज तुला वर बोलावून दार लावून घेतलंय. काकू खाली पत्रिकांवर नावं घालतायत, तासभर तरी वर यायच्या नाहीत.

बायकांच्या ओपीडीत काम करून करून माझी लाज केव्हाच गेली, हे तुला ठाऊक आहे. नवीन लग्न झालेली मुलगी सासूबरोबर येते. डॉक्टर विचारतात, काय होतंय, आणि उत्तर सासू देते. मुलगी फरशीकडे बघत उभी. मग आम्ही सासूबाईंना केसपेपरच्या निमित्ताने बाहेर पाठवतो, तेव्हा खरं काय ते बाहेर येतं. कितीदा तरी आजार नसतोच, नुसती भीती असते. पदवी घेतलेली, स्पर्धा परीक्षेला बसलेली मुलगी, पण लघवीची जागा आणि योनीमार्ग वेगळे असतात हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. दहावीच्या विज्ञानात प्रजननाचा धडा होता ना? तुमच्या बाईंनी तो ‘घरी वाचून या’ म्हणून सोडला असणार. २००७ साली तर आपल्या राज्याने शाळांमधला किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रमच थांबवला होता, संस्कृतीला धक्का लागतो म्हणून. शाळा गप्प बसली आणि मोबाइल बोलायला लागला. त्यातून मुलं काय शिकली ते पुढे सांगते.

आधी तातडीचं. काकूंनी तुझ्या पाळीची तारीख मोजली असणार आणि ती नेमकी सत्यनारायणाच्या आसपास येत असणार. मग मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या येतील. त्यात नॉरएथिस्टेरॉन असतं. पाळीच्या तारखेच्या साधारण तीन दिवस आधी सुरू करायच्या, दिवसातून तीनदा घ्यायच्या. बंद केल्या की दोन-तीन दिवसांत पाळी येते. म्हणजे सत्यनारायण सुटतो आणि पाळी हनिमूनला, महाबळेश्वरात गाठते. हा हिशेब कुणी करत नाही! पण खरी गोष्ट वेगळीच आहे: या गोळ्यांनी दिवस राहायचे थांबत नाहीत. ‘पाळीची गोळी चालू आहे, मग काळजी नाही’ असं समजून बसलेल्या कितीतरी मुली पुढच्या महिन्यात आमच्याकडे येतात. रक्ताच्या गुठळ्यांचा किंवा यकृताचा त्रास कधी झाला असेल तर त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायच्याच नाहीत. पाळीत पूजेला बसलं तर काय होतं, यावर माझं मत तुला माहीत आहे. ते आज खाली बोलायला नको.

आता पहिल्या रात्रीचं. पहाटे चारपासून उभी, डोक्यात पिना खुपसलेल्या, पाय सुजलेले, शंभर माणसांच्या पाया पडून कंबर गेलेली. त्या रात्री तुम्ही दोघं गप्पा मारून झोपून गेलात तरी काही बिघडत नाही. आठवडा लागला, महिना लागला तरी नाही. सिनेमातली दुधाच्या पेल्यावाली खोली विसर. ज्या माणसाला तू साखरपुड्यापासून जेमतेम ओळखतेस त्याच्यासमोर अंग मोकळं व्हायला वेळ लागतो, आणि तो वेळ त्यालाही लागतो. पुरुष मात्र आपल्याला वेळ लागतो असं बोलून दाखवत नाहीत.

आणि रक्त. हे नीट ऐक. योनीच्या तोंडाशी एक पातळ, लवचीक पडदा असतो, योनिपटल. त्याला आधीपासूनच छिद्र असतं, नाहीतर पाळीचं रक्त बाहेर आलं कसं असतं? कुणाचा पडदा जाड, कुणाचा जवळजवळ नसल्यासारखा. कितीतरी जणींना पहिल्या संबंधाच्या वेळी रक्ताचा थेंबही येत नाही. त्याचा सायकल चालवण्याशी, खेळण्याशी नाहीतर ‘चारित्र्याशी’ संबंध जोडणं हा अडाणीपणा आहे. मुलीचा आधी संबंध आला होता की नाही, हे पडदा बघून कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही. २०१९ साली नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातून कौमार्याच्या लक्षणांचा भाग काढून टाकला, तो शास्त्राला धरून नाही म्हणूनच. आपल्याकडे कंजारभाट समाजात नवरीची पांढऱ्या चादरीवर परीक्षा घ्यायची रीत होती. तिच्याविरुद्ध त्याच समाजातली पिंपरी-चिंचवडकडची तरुण मुलंमुली उघडपणे उभी राहिली आणि त्यासाठी त्यांनी मारही खाल्ला. आपण शहाणे म्हणवणारे लोक चादर अंथरत नाही एवढंच. मनात शंका धरणारे नवरे आणि सकाळी खोली आवरायच्या निमित्ताने डोकावणाऱ्या आत्याबाई आपल्यातही आहेत.

दुखतं का? थोडं दुखू शकतं. पण पहिल्यांदा दुखणारच, सहन कर, हा सल्ला मी तुला देणार नाही. दुखण्याचं सगळ्यात साधं कारण घाई. बाईचं शरीर तयार झालं की योनीत आपोआप ओलावा येतो, स्नायू सैल होतात. त्याला वेळ लागतो, जवळीक लागते, मनात धास्ती नसावी लागते. भीतीने ते स्नायू आवळले की आत काही जातच नाही आणि जोर केला तर दुखतं. मग पुढच्या वेळी दुखण्याच्या भीतीने आणखी आवळतात. काहींच्या बाबतीत हे इतकं वाढतं की बोटसुद्धा सहन होत नाही. त्याला व्हजायनिस्मस म्हणतात. तो हट्ट नाही, नखरा नाही, आणि उपचाराने बरा होतो. लग्नाला चार-चार वर्षं झालेली, मूल होत नाही म्हणून दवाखाने पालथे घातलेली जोडपी येतात, आणि मग कळतं की त्यांचा संबंधच कधी आला नाही. चार वर्षं दोघंही गप्प!

कोरडेपणा वाटला तर मेडिकलमध्ये पाण्यावर आधारलेली जेली मिळते. खोबरेल तेल वापरू नकोस. कंडोम वापरणार असाल तर अजिबातच नको, तेलाने रबर कमजोर होऊन तो फाटतो.

आता जे मला कुणी सांगितलं नव्हतं ते. यात बाईलाही सुख असतं. लघवीच्या जागेच्या वरच्या बाजूला क्लिटोरिस नावाचा छोटासा उंचवटा असतो. बाहेर दिसतो तो नुसता शेंडा, बाकीचा भाग आत दोन्ही बाजूंना पसरलेला असतो. हेलन ओकॉनेल नावाच्या ऑस्ट्रेलियातल्या सर्जन बाईंनी त्याची आतली रचना नीट उलगडून दाखवली तेव्हा १९९८ साल उजाडलं होतं. माणूस चंद्रावर जाऊन आला, त्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी! पुष्कळ बायकांना नुसत्या संबंधाने तृप्ती मिळत नाही, तिथला स्पर्श लागतो. यात त्यांचं काही कमी नसतं आणि नवऱ्याचंही नसतं. कुठे बरं वाटतं, कुठे नाही, हे तुला आधी स्वतःला कळलं पाहिजे. आरशात बघितलंस, हात लावून बघितलास तर पाप लागत नाही. आणि मग ते त्याला सांगायचं. तोंडाने. त्याला आपोआप कळेल म्हणून थांबशील तर वर्षानुवर्षं थांबशील.

त्याचीही बाजू जरा समजून घे. त्याला तर कुणी वर बोलावून दारही लावलं नसेल. मित्रांच्या बढाया आणि मोबाइलवरचे ते व्हिडिओ, एवढंच त्याचं शिक्षण. व्हिडिओतली माणसं पैसे घेऊन काम करतात. तिथली वेळ कापून जोडलेली असते, आणि बाईच्या हो-नाहीचा प्रश्नच तिथे नसतो. ते बघून मुलगा एकतर रासवट होतो नाहीतर घाबरून जातो. आपलं लहान आहे, आपलं लवकर होतं, हाताची सवय होती म्हणून आता शक्ती गेली. ही भीती घेऊन भिंतीवरच्या जाहिरातीतल्या ‘गुप्तरोग तज्ज्ञां’च्या तंबूत जाणारे शिकलेले पुरुष आहेत. धातू जाते, ताकद जाते, या भीतीने माणूस खरोखरच खंगतो. डॉ. नरेंद्रनाथ विग या मनोविकारतज्ज्ञांनी १९६० साली या दुखण्याला ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं. वीर्य गेल्याने अशक्तपणा येत नाही, हस्तमैथुनाने काही बिघडत नाही. पहिल्या काही वेळा लवकर होणं किंवा होऊच न शकणं हे इतकं सर्रास आहे की त्यावर हसू नकोस आणि मैत्रिणींना सांगू नकोस.

नको असेल तर नको म्हणायचं. लग्न झालं म्हणजे रोजची परवानगी दिली असं होत नाही. कायद्याचं खरं सांगायचं तर इथे आपला देश मागे आहे. अठरा वर्षांवरच्या बायकोवर नवऱ्याने केलेली जबरदस्ती नव्या भारतीय न्याय संहितेतही बलात्कारात धरलेली नाही. पण २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळ स्पष्ट लिहिलेला आहे, संरक्षण मागता येतं, आणि १८१ वर फोन करता येतो. तुझ्यावर ती वेळ येईल असं मला वाटत नाही, मुलगा चांगला दिसतोय. तरी नंबर पाठ असू दे.

आता मूल कधी, आणि तोवर काय. हा विषय काढणं आपल्याकडे किती महागात पडायचं ते बघ. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथराव, र. धों. कर्वे, गणिताचे प्राध्यापक. त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, लंडनला मेरी स्टोप्स बाईंनी काढलं त्याच वर्षी. त्या पायी कॉलेजातली नोकरी गेली. मग १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, पत्नी मालतीबाईंच्या भक्कम साथीने. वाचक आपल्या खाजगी शंका लिहून पाठवायचे आणि हे सरळ शब्दांत उत्तरं द्यायचे. त्या उत्तरांवर १९३४ साली अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बाजूने कोर्टात कोण उभं राहिलं माहितीये? डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, दंड झाला, मासिक मात्र थांबलं नाही. आज केबिनचं दार लावल्यावर मुली मला जे विचारतात, त्यातलं बरंचसं कर्व्यांना नव्वद वर्षांपूर्वी पत्राने विचारलं जात होतं.

तर पर्याय. ‘सेफ पिरियड’वर विसंबू नकोस. स्त्रीबीज फार तर एक दिवस जगतं हे खरं, पण शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात. आणि तुझी पाळी तर एकदा अठ्ठावीस दिवसांनी, एकदा चाळीस दिवसांनी. मोजणार कसं? ‘तो काळजी घेईल, वेळेवर बाहेर काढेल’ हाही भरवसा कच्चा आहे.

सुरुवातीला कंडोम सगळ्यात सोपा. संसर्गापासून वाचवणारंही तेच एक साधन आहे. तो घ्यायला जाताना त्याला लाज वाटत असेल तर तू जा; औषधाच्या दुकानात मिळतो, ऑनलाइनही मिळतो, सरकारी दवाखान्यात तर फुकट. रोजची गोळी भरवशाची, पण रोज म्हणजे रोज, आणि अर्धशिशीत डोळ्यांपुढे चमकण्याची, ब्लडप्रेशरची, गुठळ्यांची तक्रार असलेल्यांना चालत नाही, म्हणून आधी डॉक्टर. सरकारी दवाखान्यात माला-एन मिळते. ‘छाया’ नावाची गोळी आहे, तिच्यात हार्मोन नसतात. लखनौच्या प्रयोगशाळेत तयार झालेली आपली भारतीय गोळी. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा. तीन महिन्यांनी घ्यायचं ‘अंतरा’ इंजेक्शनही आहे, पण ते बंद केल्यावर दिवस राहायला काही महिने लागू शकतात, म्हणून लवकर मूल हवं असेल तर मी ते सुचवणार नाही. तांबी पहिल्या मुलानंतरच बसवायची असं सगळे म्हणतात. वैद्यकशास्त्र तसं म्हणत नाही, आधीही बसवता येते. मला विचारशील तर तुझ्यासाठी पहिले काही महिने कंडोम आणि रोजची गोळी, दोन्ही. मग बघू.

कंडोम फाटला, गोळ्या चुकल्या, तर ७२ तासांच्या आत घ्यायची तातडीची गोळी असते. जितकी लवकर तितकी चांगली. ती गर्भपाताची गोळी नाही, दिवस राहिलेले असतील तर तिने काही होत नाही. पण दर महिन्याला तीच घेत बसलीस तर पाळीचं गणित पार विस्कटेल. आणि समजा राहिलेच दिवस, आणि नको असतील? मेडिकलवाल्याकडून किट आणून घरी काही करायचं नाही. गर्भ नळीत असेल तर जिवावर बेतू शकतं. गर्भपात आपल्याकडे १९७१ पासून अटींसह कायदेशीर आहे. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, काही ठरावीक परिस्थितीत २४ पर्यंत दोघांचं. सज्ञान बाईची स्वतःची संमती लागते, नवऱ्याची सही लागत नाही. काही दवाखाने तरी मागतात. मागितली तर कायदा दाखवायचा. २०२२ साली सुप्रीम कोर्टाने अविवाहित बाईलाही हा हक्क तितकाच आहे असं सांगितलं. तुझी ती पुण्यातली मैत्रीण, जिला मी ओळखत नाही असं आपण दोघी धरून चालतो, तिलाही हे सांग.

छोट्या गोष्टी पटापट. संबंधानंतर लघवीला जाऊन ये, पाणी भरपूर पी. नव्या नवरीला लघवीची आग होणं फार नेहमीचं आहे. आग झाली की लगेच दाखव, अंगावर काढू नकोस. आतून साबणाने किंवा त्या जाहिरातीतल्या वॉशने धुवायचं नाही, योनी स्वतःची स्वच्छता स्वतः ठेवते. थोडं पांढरं जाणं स्वाभाविक आहे. दह्यासारखं, हिरवट, वास येणारं, खाज सुटणारं असेल तर नाही. तेव्हा दोघांनी तपासून घ्यायचं.

बायका अंगावर किती काढतात याचा आकडाच तुला सांगते. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन खेड्यांमधल्या ६५० बायका तपासल्या. ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता, आणि त्याआधी कधीही तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं, तेव्हा जगाला कळलं की खेड्यातल्या बाईला बाळंतपणापलीकडेही शरीर असतं. राणीताईंनी पुढे तरुण मुलामुलींसाठी ‘तारुण्यभान’ शिबिरं सुरू केली. मी आरोग्यमंत्री असते तर तसलं शिबिर केल्याशिवाय लग्नाची नोंदणीच करू दिली नसती.

राहिलं काय? लग्नाआधी दोघांच्या तपासण्या. एचआयव्ही, कावीळ बी, आणि थॅलसेमिया-सिकलसेलसाठी रक्ताची एक तपासणी. नाडी जुळली म्हणून हे जुळतंच असं नाही. थॅलसेमियाचे वाहक दोघंही निघाले तर लग्न मोडायचं नसतं, दिवस राहिल्यावर वेळेत गर्भाची तपासणी करायची असते. आणि गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरवरची एचपीव्हीची लस. ती वयात येतानाच घेतलेली उत्तम, पण तुला पंचविसाव्या वर्षीही घेता येते, तीन डोस. पुण्याच्या सीरमची ‘सर्व्हाव्हॅक’ २०२३ पासून मिळतेय.

हे सगळं त्याच्याशी बोल. रोज रात्री दीड-दीड तास फोन चालतो तुमचा, त्यात ‘जेवलास का’ किती वेळा विचारशील? मूल कधी हवं, तपासण्या करशील का, तुला कसली भीती वाटते, एवढे तीन प्रश्न विचार. लाजला तर हरकत नाही. चिडला किंवा ‘असलं तुला कुठून कळलं’ म्हणाला, तर मला सांग, अजून दिवस हातात आहेत.

आमच्या डॉक्टर शनिवारी सकाळी नऊला बसतात, मी तुझं नाव घालून ठेवते. गोळी ठरली तर लग्नाआधीच्या पाळीपासूनच सुरू करायला हवी, म्हणून पुढचा शनिवार चुकवू नकोस. तो येत असेल तर त्यालाही घेऊन ये. मागच्या सहा पाळ्यांच्या तारखा कागदावर लिहून आण, आणि काकूंना घरीच ठेव.